मदत हवी आहे: नवीन एसएसडी बसवल्यापासून जुनी हार्ड डिस्क दिसत नाही

नमस्कार मंडळी,

पीसी फारच हळू चालायला लागला म्हणून दुकानातून ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी बसवून घेतली आणि विंडोज ११ तिच्यावर टाकून घेतलं. घरी आणून चालू केला तर सी ड्राइव्ह एकदम झकास, पण डी आणि ई गायब! दोन्ही पार्टिशन्स जुन्या २ टीबीच्या हार्ड डिस्कवरची. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "जुनी होती, गेली असेल. डेटा रिकव्हरीला द्या."

त्या डिस्कवर सासऱ्यांच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग्ज आहेत, कॅसेटवरून उतरवून घेतलेली. त्या कॅसेटच्या फिती आता एकमेकींना चिकटल्या आहेत, पुन्हा वाजणार नाहीत. त्यामुळे जिवाला नुसता घोर लागलाय.

आतापर्यंत पाहिलं ते असं: डिस्क मॅनेजमेंटमध्ये फक्त एसएसडी दिसते. बायोसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) जुन्या डिस्कचं नाव नाही. पीसी चालू असताना तिच्यावर बोट टेकवलं की बारीक थरथर जाणवते, म्हणजे फिरते आहे. टकटक आवाज अजिबात नाही. साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) नवी लावली, फरक शून्य. केबल पूर्वीपासून मदरबोर्डवरच्या 'साटा ५'मध्येच आहे.

डिस्क खरंच गेली आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, रिकव्हरीला इतक्यात देऊ नका. फिरते आहे, आवाज नाही आणि नेमकी एनव्हीएमई बसवल्यावरच गायब झाली, म्हणजे माझा संशय डिस्कवर नाही, पोर्टवर आहे.

बऱ्याच मदरबोर्डांवर एम.२ स्लॉट (तुमची एनव्हीएमई एसएसडी बसते ती खाच) आणि एक-दोन साटा पोर्ट यांची चिपसेटकडे जाणारी लाइन सामाईक असते. एम.२मध्ये एसएसडी बसली की ते पोर्ट आपोआप बंद पडतात, बहुतेक वेळा ५ आणि ६. कुठल्या बोर्डावर कुठले पोर्ट जातात ते मॅन्युअलमधल्या साटाच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात दिलेलं असतं. पोर्टच बंद असेल तर केबल कितीही बदला, बायोसला डिस्क दिसणारच नाही.

पीसी बंद करून प्लग काढा, केबल १ ते ४पैकी मोकळ्या पोर्टमध्ये लावा आणि आधी बायोसमध्ये बघा. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: विंडोजने 'इनिशियलाइज डिस्क' किंवा 'फॉरमॅट' विचारलं तर कॅन्सल करायचं. हो म्हणायचं नाही.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. फक्त एक भर घालतो: एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबल्सचा असेल तर दुसऱ्या एसएमपीएसची पॉवर केबल लावून बघू नका. डिस्ककडचं टोक सारखंच असतं, पण एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले तर चांगली डिस्क जळते.

धागाकर्ती

दिसली! साटा २मध्ये लावली आणि बायोसमध्ये लगेच नाव आलं. डी, ई दोन्ही उघडले, अभंगांचे फोल्डर जागेवर आहेत. तुमचे आभार कसे मानू कळत नाही. मॅन्युअलमध्येही तसंच लिहिलंय, एम.२ वापरात असल्यास साटा ५ आणि ६ बंद.

पण आता क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) पिवळ्या रंगात 'कॉशन' दाखवतंय, 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळीपुढे. मुलगा म्हणतो चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवू. चालवू का?

प्रतिसाद

आत्ता नको. काही सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे) नीट वाचता येत नाहीत, असा त्या ओळीचा अर्थ. चेकडिस्क दुरुस्तीसाठी डिस्कवर लिहिते आणि '/आर' हा पर्याय लावला तर अख्खी डिस्क चाळत बसते. एवढा ताण आत्ता द्यायचा नाही.

आधी रेकॉर्डिंग्जचा फोल्डर एसएसडीवर उतरवा, मग त्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर. एखादी फाइल अडली तर तिच्यापाशी अडून बसू नका, 'स्किप' करून पुढे चला. अडलेल्या फाइल्ससाठी नंतर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (पीसीत न टाकता थेट चालणारं लिनक्स) डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरचा डेटा उतरवणारं टूल चालवता येईल. ते चांगला भाग आधी काढून घेतं आणि खराब जागेकडे शेवटी वळतं. त्यासाठी २ टीबी किंवा मोठी रिकामी डिस्क लागेल.

कॉपी चालू असताना टकटक सुरू झाली तर लगेच पीसी बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. तशी वेळ आली, तर मात्र रिकव्हरीवाल्याकडेच न्यावी लागेल.