मदत हवी आहे: असेटो कोर्सा या मोटारशर्यतीच्या गेममध्ये कंपाउंडप्रमाणे (रबराच्या प्रकाराप्रमाणे) टायरचा रंग बदलत नाही

लालपट्टी: रविवारी लीगची शर्यत आहे आणि टायर अजून धड दिसत नाहीत. फॉर्म्युला गाडीचा मॉड (गेममध्ये बाहेरून जोडलेली गाडी) आहे. सॉफ्ट, मिडियम, हार्ड या तिन्ही कंपाउंडची टेक्श्चर (टायरवर चढणारी चित्रं) केली, कॉन्फिगमध्ये टाकली, तरी सॉफ्ट लावला की लालऐवजी पिवळाच. काय राहिलंय? जरा लवकर सांगा.

कर्बवरून: सीएसपी (कस्टम शेडर्स पॅच, गेमचं दृश्य सुधारणारी जोडणी) आहे की साधा गेम? कॉन्फिग म्हणजे कुठली फाइल? असं अर्धवट लिहिलंत तर कोण काय सांगणार?

लालपट्टी: सीएसपी आहेच हो. फाइल गाडीच्या एक्स्टेन्शन फोल्डरातली, एक्स्ट_कॉन्फिग.आयएनआय. टायर्स एफएक्सचे (सीएसपीतला टायरच्या दिसण्याचा भाग) कस्टम टेक्श्चरचे तीन विभाग केलेत.

घाटवळण: एवढा व्याप कशाला? टायरचं टेक्श्चर त्याच नावाने स्किनच्या (गाडीच्या रंगसजावटीच्या) फोल्डरात टाक, झालं काम. आमच्याकडे सगळे असंच करतात.

कर्बवरून: स्किन शर्यतीआधी ठरते. पिटमध्ये मिडियम काढून सॉफ्ट चढवला तर स्किन कशी बदलेल? त्यांना नेमकं तेच हवंय.

घाटवळण: शर्यतीत टायरच्या कडेकडे बघतं कोण?

कर्बवरून: पुढचा कुठल्या टायरवर आहे ते बघूनच तर डाव ठरतो.

डेटावाला: विभागाच्या नावाच्या शेवटी जे लिहिलंय ते गाडीच्या टायर्स.आयएनआय फाइलमधल्या शॉर्ट नेमशी (कंपाउंडच्या छोट्या नावाशी) तंतोतंत जुळायला हवं. डेटा.एसीडी (गाडीच्या माहितीची बांधलेली फाइल) बंद असेल तर कंटेंट मॅनेजर या लाँचरमधून उलगड, पण नुसतं वाच. त्यात बदल केलास तर चेकसम (फाइल बदलली का ते तपासणारा आकडा) जुळणार नाही आणि सर्व्हर आत घेणार नाही.

लालपट्टी: एस, एम, एच. जुळतात. पिटमध्ये उभा असताना लाल दिसतोही. निघालो की पिवळा.

कर्बवरून: अहो, हे पहिल्यांदा सांगायचं! म्हणजे कॉन्फिग चालतंय. टायरच्या शेडरला (टायर पडद्यावर रंगवणाऱ्या प्रोग्रॅमला) डिफ्यूज (साधं चित्र) वेगळं लागतं आणि ब्लर (फिरताना दिसणारं धूसर चित्र) वेगळं. चाक उभं असताना डिफ्यूज दिसतं, वेग आला की गेम ब्लरवर जातो. तुम्ही ब्लरची ओळ दिली नसणार, म्हणून मॉडमधलं मूळचं पिवळं ब्लर दिसतंय. प्रत्येक विभागात टीएक्सब्लरची ओळ भरा.

हवाभर: मागचे टायर फार तापत असतील तर आधी प्रेशर बघा. रंगाने लॅप टाइम सुधारत नाही.

डेटावाला: प्रेशरचं कुणी विचारलंय का?

जुनाफॅन: गाडी कुठल्या सालची? 2018 ची असेल तर रंगच चुकलेत. तेव्हा एफ वनला टायर देणाऱ्या पिरेलीचा सॉफ्ट पिवळा, मिडियम पांढरा, सुपरसॉफ्ट लाल, अल्ट्रासॉफ्ट जांभळा आणि हायपरसॉफ्ट गुलाबी होता. लाल, पिवळा, पांढरा हे तीनच रंग 2019 पासून.

लालपट्टी: 2021 च्या धर्तीची आहे. रंग बरोबर आहेत. ब्लरची फाइल करायची कशी ते सांगा ना.

कर्बवरून: आधी टेक्श्चर सपाट कसं उलगडलंय ते बघा. टायरची कड गोल असेल तर गिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळाकार मोशन ब्लर, केंद्र बरोबर मधोमध. कड आडव्या पट्टीसारखी असेल तर आडवा सरळ ब्लर. अक्षरं विरघळून अखंड लाल कडं दिसायला हवं. डीडीएस (गेमच्या चित्रांचा फाइल प्रकार) करताना मिपमॅप (लांबून दाखवायच्या छोट्या प्रती) चालू ठेवा, नाहीतर लांबून टायर चमचमतो.

घाटवळण: पेंट डॉट नेटमध्ये डीडीएस जास्त सोपं जातं.

लालपट्टी: कड गोलच होती. ब्लर भरलं, लाल राहतोय सरळ रस्त्यावरही! खूप आभार. पण आता पावसाच्या टायरवर वेगात खाचा कोरीव दिसतात.

कर्बवरून: नॉर्मलचंही (खाचा-उंचवट्याचा भास देणाऱ्या चित्राचंही) ब्लर वेगळं असतं. टीएक्सनॉर्मलब्लरमध्ये सपाट निळसर नॉर्मल द्या.