लहान स्कूल डिस्ट्रिक्टमधला डिसेंबर : कार्यक्रम, मुलांचे यश आणि आपला सहभाग

प्रश्न : आयोवात_नवीन

नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने आम्ही या उन्हाळ्यात एका मोठ्या शहरातून अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावी राहायला आलो. इथले स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे परिसरातील सरकारी शाळा चालवणारी संस्था, इतके लहान आहे की बालवर्गापासून बारावीपर्यंतचे सगळे वर्ग एकाच आवारात भरतात आणि काही खेळांचे संघ शेजारच्या डिस्ट्रिक्टबरोबर मिळून उभे करावे लागतात. मुलगी सहावीत असून शाळेच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनात, गाते. मुलगा दहावीत आहे.

थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपताच सुपरिंटेंडंटच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांच्या, कार्यालयाकडून पालकांना एक लांबलचक पत्र आले. विंटर कॉन्सर्टची तारीख, फूड ड्राइव्ह, कॅफेटेरियाच्या दाराशी उभारलेला गिव्हिंग ट्री (गरजू मुलांना हव्या असलेल्या वस्तूंच्या चिठ्ठ्या लावलेले झाड), एफएफए या शेतीविषयक विद्यार्थी संघटनेच्या मुलांनी विकलेल्या संत्र्यांच्या खोक्यांचे वाटप आणि त्याखाली विद्यार्थ्यांच्या यशाची मोठी यादी असे त्याचे स्वरूप होते. पहिल्या तिमाहीचा ऑनर रोल (चांगले गुण मिळवणाऱ्यांची यादी), ऑल-स्टेट या राज्यभरातील निवडक विद्यार्थ्यांच्या संगीत कार्यक्रमासाठी निवडले गेलेले वादक, निबंध स्पर्धेतील विजेते, लेगो रोबोटिक्सचा संघ अशी कितीतरी नावे त्यात होती. वाचून आनंद झाला, पण काही गोष्टी नीट उमगल्या नाहीत, म्हणून आपणासारख्या अनुभवी पालकांना विचारत आहे.

पहिली गोष्ट कॉन्सर्टची. त्यातील काही गाणी उघडपणे ख्रिस्ती भक्तीची आहेत आणि उपस्थितीला गुण आहेत. आमची हरकत नाही, परंतु सरकारी शाळेत हे कसे चालते आणि आपण ही गाणी म्हणावीत का, असे मुलीनेच विचारले आणि मला तिला नीट उत्तर देता आले नाही. दुसरी गोष्ट मुलाची. शाळेबाहेरच्या एका राज्यस्तरीय बुद्धिबळ स्पर्धेत त्याला त्याच्या गटात पारितोषिक मिळाले. ते शाळेला कळवावे का? स्वतःहून कळवणे म्हणजे मिरवणे होईल, असे त्याच्या वडिलांना वाटते. तिसरी गोष्ट गिव्हिंग ट्रीची : त्यात भाग घेण्याची नेमकी रीत काय आहे?

प्रतिसाद १ : कॉयरवाली_आई

तुमच्या मुलीने अगदी योग्य प्रश्न विचारला आहे आणि त्याचे उत्तर तुमच्याच भागातून आलेले आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सरकारी शाळांनी ठरवून दिलेली प्रार्थना आणि १९६३ मध्ये शाळेतर्फे होणारे बायबलवाचन घटनाविरोधी ठरवले, मात्र धर्माचा अभ्यास करण्यास, म्हणजे त्याकडे इतिहास, साहित्य आणि कला या अंगांनी पाहण्यास मोकळीक ठेवली. पुढे साउथ डकोटातील सू फॉल्सच्या स्कूल डिस्ट्रिक्टविरुद्ध नाताळच्या कार्यक्रमांवरूनच खटला झाला. १९८० मध्ये आठव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांच्या एका गटासाठी असलेल्या, संघराज्य अपील न्यायालयाने निकाल दिला की धार्मिक मूळ असलेले संगीत सांस्कृतिक वारशाचा भाग म्हणून, तटस्थपणे आणि विचारपूर्वक सादर होत असेल तर ते शाळेत चालू शकते. आयोवा याच सर्किटच्या कक्षेत येते. म्हणून तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत एखादे लॅटिन भक्तिगीत, हनुका या ज्यू सणाचे एखादे गाणे आणि बर्फाविषयीची दोन-तीन हलकीफुलकी गाणी शेजारी शेजारी दिसली, तर ती निवड बहुधा हा विचार करूनच झालेली असते.

गुणांविषयी सांगायचे तर बँड आणि कॉयर हे इथे वेळापत्रकातले विषय आहेत, त्यामुळे कॉन्सर्ट ही एका अर्थी त्या विषयाची परीक्षाच असते. तरीही एखादे गाणे म्हणणे मुलीला मनापासून नको असेल, तर शिक्षकांना आधीच आणि लेखी कळवा. बहुतेक शिक्षक त्या गाण्यापुरते तिला बाजूला उभे राहू देतात किंवा दुसरे काम देतात. अडचण होते ती आदल्या दिवशी कळवल्याने, कारण लहान शाळेच्या कॉयरमध्ये एका सुराला दोन-तीनच आवाज असतात आणि त्यांतला एक गेला तर तो सूर ऐकूच येत नाही. माझ्या मुलीने स्वतः विचार करून सगळी गाणी म्हणायचे ठरवले. आपण कीर्तन ऐकायला गेलो की जसे चाल आणि शब्द मनापासून ऐकतो, तसे हे गाते, असे ती म्हणाली आणि मला ते पटले. तुमच्या मुलीचे उत्तर वेगळे असू शकते आणि तिला ते देऊ द्यावे.

पोशाखाचे मात्र आजच पाहा. पांढरा शर्ट आणि काळी पँट किंवा काळा स्कर्ट हा ठरलेला वेश असतो आणि छोट्या गावात शेवटच्या आठवड्यात मापाचे कपडे मिळत नाहीत. संगीतशिक्षकांच्या कपाटात जादा कपडे असतात. ते मागण्यात संकोच करू नये.

प्रतिसाद २ : मक्याच्या_शेतांमधून

मी यशाच्या यादीविषयी लिहितो, कारण ही यादी कशी तयार होते हे इथे बरीच वर्षे राहिल्यावर लक्षात येते. मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये अशा कामासाठी स्वतंत्र कर्मचारी असतो. आयोवात सव्वातीनशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत आणि त्यांतली कितीतरी इतकी छोटी आहेत की सुपरिंटेंडंटच्या सचिव बाईच फोन घेतात, स्कूल बोर्डाच्या सभेची टिपणे लिहितात आणि हे पत्रही तयार करतात. त्यांच्यापर्यंत जे पोहोचते तेच छापले जाते. म्हणून मुलाचे पारितोषिक अवश्य कळवा. स्पर्धेचे नाव, गट, क्रमांक आणि तारीख अशा दोन ओळी पुरतात. छायाचित्र जोडले तर त्यांचे काम हलके होते. हे मिरवणे नव्हे. उलट, गावात बुद्धिबळ खेळणारा एक मुलगा आहे हे कळल्यावर तिसरी-चौथीतली आणखी चार मुले पट घेऊन बसतात, आणि शाळेत क्लब निघायचा असेल तर तो असाच निघतो.

आता यादीतल्या नावांकडे पाहण्याबाबत. आपण आपल्या सवयीने प्रथम ऑनर रोल वाचतो. तो चांगलाच असतो, परंतु त्याचे निकष प्रत्येक डिस्ट्रिक्टचे स्वतःचे असतात आणि लहान वर्गात त्यात बरीच मुले येतात. त्याच्याखाली छापलेल्या गोष्टींमागे किती कष्ट आहेत, हे पाहण्यासारखे आहे. आयोवात ऑल-स्टेटच्या चाचण्या ऑक्टोबरच्या अखेरीस होतात आणि निवडलेल्या मुलांचा कार्यक्रम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी आयोवातील एम्स या शहरातल्या हिल्टन कोलिझियम या मोठ्या सभागृहात होतो. त्या चाचणीला मोठमोठ्या शाळांतील मुले येतात, त्यांच्यापैकी पुष्कळांना खासगी शिकवणी असते. छोट्या गावातला एखादा मुलगा पहाटे शाळा उघडण्याआधी बँडच्या खोलीत बसून तेच चार उतारे महिनोन्महिने वाजवतो आणि त्या रांगेत जागा मिळवतो, तेव्हा ते यश साधे नसते.

एफएफएचेही तसेच आहे. ही संघटना १९२८ मध्ये कॅन्सस सिटीत ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ या नावाने सुरू झाली. १९६९ पासून मुलींना तिचे पूर्ण सदस्यत्व मिळाले आणि १९८८ मध्ये नाव बदलून ‘नॅशनल एफएफए ऑर्गनायझेशन’ झाले. प्रत्येक सदस्याने जनावर वाढवणे, पीक घेणे, दुरुस्तीचे दुकान चालवणे किंवा संशोधन असा एक प्रकल्प हाती घ्यायचा असतो आणि त्याचा जमाखर्च नियमाने लिहायचा असतो. यादीत ‘अमेरिकन डिग्री’ असे लिहून शाळेतून बाहेर पडलेल्या एखाद्या मुलीचे नाव आले असेल, तर ती छपाईची चूक नाही. ही सर्वोच्च पदवी शाळा संपल्यानंतर, इंडियानापोलिसच्या राष्ट्रीय अधिवेशनात दिली जाते आणि ती एक टक्क्याहूनही कमी सदस्यांना मिळते.

संत्र्यांच्या वाटपाला तुमच्या मुलाला पाठवता आले तर पाठवाच. दूरच्या उबदार राज्यांतून ट्रक येतो, शाळेच्या मागच्या बाजूला निळ्या कॉर्डरॉय जाकिटातली मुले रांग लावतात आणि एकेक खोके हातोहात कार्यशाळेत नेऊन रचतात. उणे तापमानात बोटे बधिर झालेली असतात, आणि मोजदाद करणारी मुलगी हातमोजा काढून पेन्सिलीने यादीवर खुणा करत असते. या विक्रीतून संघटनेचा वर्षभराचा प्रवासखर्च बऱ्याच अंशी निघतो. मदत करणारे हात कमी असतात, त्यामुळे सदस्य नसलेल्या मुलालाही कोणी नाही म्हणत नाही. माझ्या मुलाच्या गावातल्या पहिल्या मैत्री तिथेच झाल्या.

आणखी एक. सहावीतल्या मुलीला स्पेलिंगची आवड असेल तर शाळेने यंदा स्क्रिप्स या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेसाठी नोंदणी केली आहे का, ते विचारा. आठवीपर्यंतच्या मुलांना भाग घेता येतो, परंतु शाळेची नोंदणी नसेल तर तिला शाळेमार्फत पुढे जाता येत नाही. शाळापातळीवरची फेरी बहुधा हिवाळ्याच्या सुट्टीच्या आसपास होते. नोंदणी राहून गेली असेल तर पुढच्या वर्षी आयोजनाची जबाबदारी घ्यायला तयार असलेला पालक मिळणे, ही शाळेची खरी गरज असते.

प्रतिसाद ३ : कागदपत्रे_वाचणारा

वरील सल्ल्याला एक पुस्ती जोडतो. मुलांची नावे अशी जाहीर करण्याचा आधार फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेविषयीच्या १९७४ च्या संघराज्य कायद्यात आहे. मिळालेले सन्मान आणि पारितोषिके, खेळ आणि उपक्रमांतील सहभाग ही माहिती डिस्ट्रिक्टने ‘डिरेक्टरी’ या, म्हणजे जाहीर करण्याजोग्या माहितीच्या, सदरात घेतली असेल, तर ती पालकांच्या वेगळ्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येते. मात्र तशी सूचना आधी द्यावी लागते आणि नकार कळवण्यासाठी पालकांना वाजवी मुदत द्यावी लागते. ही सूचना बहुधा शाळा सुरू होताना भरलेल्या कागदांत असते.

नकार देण्याआधी त्याची व्याप्ती विचारून घ्या. पुष्कळ डिस्ट्रिक्टमध्ये एकच खूण सगळ्याला लागू होते. मग ऑनर रोलबरोबर कॉन्सर्टच्या पत्रिकेतले आणि इयरबुकातले नावही गळते, आणि मुलाला त्याचे वाईट वाटते. काही ठिकाणी फक्त छायाचित्रांपुरता किंवा समाजमाध्यमांपुरता नकार देता येतो.

आयोवात_नवीन

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मुलीशी कॉन्सर्टविषयी बोलले. लॅटिन गाण्याचा अर्थ शिक्षकांना विचारून मग ठरवीन, असे ती म्हणते. मुलाची माहिती कार्यालयाला पाठवली. त्याच्या वडिलांना प्रतिसाद २ वाचून दाखवल्यावर त्यांची हरकत राहिली नाही. गिव्हिंग ट्रीविषयी मात्र कोणी लिहिलेले नाही. झाडावरच्या चिठ्ठ्यांवर नावे नाहीत, फक्त वय आणि मापे आहेत. त्या कोणाच्या आहेत, हे विचारणे योग्य होईल का?

प्रतिसाद ४ : शाळेच्या_कार्यालयातून

ताई, मी दुसऱ्या राज्यातील एका छोट्या शाळेच्या कार्यालयात काम करते आणि आमच्याकडचे झाड दरवर्षी मीच लावते, म्हणून सांगते : ते विचारू नका. चिठ्ठीवर ‘मुलगा, वय ९, जाकीट मोठ्या मापाचे, बूट ४ नंबर, चित्रकलेची आवड’ एवढेच लिहिलेले असते आणि ते जाणूनबुजून तसे असते. कोणत्या घराला मदत हवी आहे हे काउन्सेलर आणि एखादा शिक्षक यांनाच माहीत असते. गाव लहान असल्यामुळे तीच मुले तुमच्या मुलीच्या शेजारी बसतात. वस्तू देणाऱ्याला नाव कळले, तर पुढे वर्गात ते जाकीट कोणी दिले हे उघड व्हायला वेळ लागत नाही, आणि मग ते मूल जाकीट घालायचे सोडून देते.

रीत सोपी आहे. चिठ्ठी काढून घ्यायची, कार्यालयातील वहीत तिच्या क्रमांकापुढे आपले नाव लिहायचे आणि दिलेल्या तारखेपूर्वी वस्तू आणून द्यायची. भेट गुंडाळू नये. कागद आणि चिकटपट्टी वेगळी द्यावी, म्हणजे त्या मुलाचे आईवडील ती स्वतः पाहून आपल्या हाताने गुंडाळू शकतात. भेटवस्तूसाठीची पावती पिशवीत टाकावी, कारण मापे चुकतात. जाकीट घ्याल तर ते वापरलेले नको. लहान मुलांच्या चिठ्ठ्या पहिल्याच दिवशी संपतात आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या शेवटपर्यंत लटकत राहतात, म्हणून तुमच्या दहावीतल्या मुलाला बरोबर नेऊन त्याच्या वयाची चिठ्ठी त्यालाच निवडू द्या. त्या वयाच्या मुलाला काय आवडेल, हे आपल्यापेक्षा त्याला चांगले कळते.

फूड ड्राइव्हकडे या दिवसांत इतके लक्ष का असते तेही सांगते. संघराज्य सरकारची शालेय भोजन योजना १९४६ पासून आहे, आणि ज्या मुलांना शाळेत मोफत नाश्ता आणि जेवण मिळते त्यांचे हे दोन्ही आहार हिवाळ्याच्या सुट्टीत अचानक थांबतात. त्यामुळे सुट्टीआधीच्या शुक्रवारी आम्ही काही मुलांच्या दप्तरांत खाऊच्या पिशव्या ठेवतो. मुलांना एकट्याने उघडता येतील असे, वरची कडी ओढून उघडणारे डबे, पीनट बटर, ओटमील, टिकाऊ दूध यांचा सर्वांत जास्त उपयोग होतो. काचेच्या बरण्या नकोत, दप्तरात फुटतात. मुदत संपलेले डबे आम्हाला टाकून द्यावे लागतात, तेव्हा तारीख पाहूनच द्या. पैसे द्यायचे असतील तर ते थेट फूड पँट्रीला, म्हणजे गरजूंना धान्य-खाद्यपदार्थ देणाऱ्या स्थानिक केंद्राला, द्या, कारण फूड बँकेकडून, म्हणजे अशा केंद्रांना माल पुरवणाऱ्या संस्थेकडून, त्यांना ठोक भावाने माल मिळतो.

आणि कॉन्सर्टच्या दिवशी सकाळी कार्यालयाचा संदेश जरूर पाहा. बर्फामुळे शाळा बंद झाली किंवा लवकर सुटली, तर संध्याकाळचा कार्यक्रमही रद्द होतो आणि राखीव तारखेला होतो. ती तारीख त्या लांबलचक पत्रात तळाशी छापलेली असेल, आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.