लायटरचा 'टक' आणि फुकटचं क्रेडिट: तुमच्या गावचा व्हिडिओ गेमवाला आठवतोय का?

मागावरचा

काल रात्री गॅसचा लायटर बिघडला. बायको म्हणाली टाकून दे, पण मी तो खोलून बसलो आणि आतला तो काळा तुकडा हातात आला, अंगठ्याने दाबला, टक. वायरीच्या टोकाला निळी ठिणगी. आणि मी डायरेक्ट इचलकरंजीत, आठवीत, साल १९९६. बायकोला वाटलं शॉक बसला.

ज्यांना कळलं त्यांनी खाली लिहायला सुरुवात करा. बाकीच्यांसाठी सांगतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाला एक गाळा होता, अर्धं शटर कायम खाली, त्याला निळा पडदा. दोन्ही बाजूला मागांचा खडखडाट, त्यामुळे आत गेमचा आवाज फुल्ल, तरी मालकाला ओरडूनच बोलावं लागायचं. चार पेट्या. एक स्ट्रीट फायटर, एक मुस्तफा, एक स्नो ब्रोज आणि चौथी कायम बंद, तिच्यावर मालकाचा डबा. रुपया टाकला की एक क्रेडिट. मुस्तफाचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स आहे हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं, आमच्याकडे सगळे पिवळ्या टोपीवाल्याच्या नावानेच ओळखायचे.

तर मित्राने घरातल्या लायटरमधला तो तुकडा काढून आणला, मुस्तफाच्या पेटीत कॉइन टाकायच्या फटीपाशी धरून दाबला की रुपया न टाकता क्रेडिट. टक ऐकू येऊ नये म्हणून मी खोकायचो. दोन-तीन घेऊन खेळायचं असं ठरलं होतं पण हा लेकाचा थांबेचना, टक टक टक टक, आणि मी क्षयरोग झाल्यासारखा खोकतोय. क्रेडिट ९ वर जाऊन थांबलं कारण त्या गेममध्ये ९ च्या पुढे आकडाच नाही.

मालक मागे येऊन उभा. स्क्रीनकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. म्हटलं आता कानाखाली बसणार. त्याने स्टूल ओढलं आणि म्हणाला, "खेळा. नऊच्या नऊ संपवायची. त्याआधी जो उठंल त्याच्या घरला मी येणार."

ट्यूशन बुडाली. अंधार पडला. लघवीला लागली होती ती वेगळीच. आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही शेवटच्या दोन तोंडाच्या डॉक्टरपर्यंत पोचलो, शेवटचं क्रेडिट, माझी एक लाईफ, मित्र मेलेला, आणि मारला त्याला!! ओरडत मागे वळलो तर मालकाच्या शेजारी आमचे वडील उभे. किती वेळ उभे होते देव जाणे. म्हणाले, "झालं? चला."

घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

येऊ द्या तुमचे.

बुल्डीवाला

आमच्याकडे लायटर नव्हता चालत बे, मालकानं पेटीला पत्रा ठोकला होता. पण नागपूरच्या मे महिन्यात आम्ही गेम साठी जातच नव्हतो, कूलर साठी जात होतो. घरचा कूलर दुपारी फक्त आजोबांच्या खोलीत, आणि पार्लरमध्ये खसची नवीन ताटी लावलेला मोठ्ठा कूलर, पाणी मारून मारून सुगंध सुटलेला. एक रुपया टाकायचा आणि दोन तास दुसऱ्याचा गेम पाहत उभं राहायचं. मालक विचारायचा, "खेळून राहिला का पाहून राहिला?" पाहून राहिलो ना काका. मग हाकलायचा. मग मागच्या दारानं परत.

रेवा_नाशिक

मुलींनी आत जायचं नाही असा काही नियम लिहिलेला नव्हता पण जायचं नाही. मी पायरीवर दादाचं दप्तर धरून उभी. पडदा हलला की जेवढं दिसेल तेवढं बघायचं. स्नो ब्रोजचं म्युझिक मला अजून पूर्ण येतं, चित्र मात्र अर्धंच आठवतं, डावीकडचं.

मग मे महिन्यात टीव्ही गेम तासावर भाड्याने आणला, कॅसेटमध्ये फुंकर मारून लावायचा, तो बदकं मारायचा गेम होता ना बंदुकीचा, त्यात मी दादाला असं हरवलं की तो म्हणाला तू बंदूक स्क्रीनला टेकवतेस. टेकवत होते. मग काय झालं. पण नेम चुकल्यावर तो कुत्रा हसायचा ना, त्याचा राग अजून आहे मला.

पोळीभाजी

तो कुत्रा!!! त्याला गोळी लागत नाही हा माझ्या बालपणीचा सगळ्यात मोठा अन्याय.

डोंबिवली_फास्ट

स्ट्रीट फायटर खेळताना अटकटकटूरुगेन म्हणणारे हात वर करा

बुल्डीवाला

@डोंबिवली_फास्ट ✋ आणि आडुगेन. खरा शब्द हादोकेन आहे म्हणे, असू दे, आम्ही नाही बदलणार.

डोंबिवली_फास्ट

आमच्याकडे धालसिम घेतला की पोरं चिडवायची, "योगासनवाला आला". एकच भारतीय गडी पूर्ण गेममध्ये आणि त्याच्या गळ्यात कवट्या, मागे हत्ती, तोंडातून आग. तरी मी तोच घ्यायचो कारण त्याचे हात लांब जायचे, लांबूनच मारायचं, जवळ जायची भानगड नाही. पुढे १९९७ चा केओएफ (किंग ऑफ फायटर्स) आला, तेव्हा तीन-तीन गडी निवडायचे, मग पैजा लागायला लागल्या, हरणाऱ्याने वडापाव. मी त्या वर्षी किती वडापाव दिले त्याचा हिशोब ठेवला असता तर आज वन बीएचके..

मिरजकर_काका

वडापाव डोंबिवलीतला कुठला? मी ९८ ते २००२ होतो तिथे पूर्वेला.

डोंबिवली_फास्ट

@मिरजकर_काका काका धागा भलतीकडे जाईल, स्टेशनसमोरच्या गल्लीतला, आता नाहीये. चटणी सुकी, लसूण जास्त.

मिरजकर_काका

हां हां तोच. बरोबर.

पार्लरवाल्याचा_पोरगा

हे सगळं वाचून हसू की रडू कळेना. आमच्या पप्पांचं पार्लर होतं बार्शीत, ९१ ते २००४. तुम्ही ज्याला मालक म्हणता ना, तो आमच्या घरात रात्री साडेदहाला जेवायचा.

दुसरी बाजू ऐका जरा. पेटी आमच्या गावच्याच सुताराने केलेली, आत साध्या टीव्हीची पिक्चर ट्यूब, आणि पप्पा एसटीने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून बोर्ड आणायचे, मांडीवर टॉवेलात गुंडाळून, जसं काय बाळ. सगळ्या बोर्डांना एकच ५६ पिनांचं कनेक्शन, जामा म्हणायचे त्याला, त्यामुळे जुना बोर्ड काढला, नवीन खोचला की त्याच पेटीत नवीन गेम. बाहेरचं चित्र जुनंच राहायचं. आमच्याकडे पेटीवर विमान होतं आणि आत मुस्तफा, तुमच्यातल्या कुणी विचारलं नाही कधी?

रात्री पेटीचं खालचं दार उघडून नाणी स्टीलच्या डब्यात ओतायची हे माझं काम. त्यात रुपयाबरोबर काय काय निघायचं.. वायसर, घासून गोल केलेला पत्रा, एकदा मंगळसूत्राची वाटी (ती पप्पांनी आठवडाभर काउंटरवर ठेवली, कुणी आलं नाही, मग मम्मीने देवळात दिली). १९९२ ला स्टीलचा छोटा रुपया आला तेव्हा तर नुसता वैताग, जुना जाड आणि मोठा, नवा हलका, एक अडकायचा नाहीतर दुसरा नुसताच घरंगळून परत यायचा. पप्पा कानशीने फट घासत बसायचे.

आणि लायटर. आम्हाला माहीत होतं हो. ठिणगी पडली की आजूबाजूच्या वायरीत क्षणभर झटका बसतो, बोर्डाला वाटतं कॉइनचा स्विच दाबला. कॉइनच्या वायरीला एक छोटा कॅपॅसिटर लावला की बंद. पप्पांनी दोन पेट्यांना लावला, तिसरीला मुद्दाम नाही लावला. मी विचारलं तर म्हणाले, लायटरवाली पोरं चार मित्र घेऊन येतात.

मागावरचा

@पार्लरवाल्याचा_पोरगा बस्स. आता मला माझ्या मालकाबद्दल शंका यायला लागली.

रेवा_नाशिक

मंगळसूत्राची वाटी 😶 कोणत्या पोराने टाकली असेल आणि घरी काय झालं असेल.

खाडीकाठ

आमच्या म्हापशात शुक्रवारचा बाजार भरतो तेव्हा आई मासळी आणि भाजी घेईपर्यंत मला मामाबरोबर सोडायची. मामा म्हणजे वय वर्षं सतरा. त्याचं एकच, "आईला सांगू नको, तुला एक गेम देतो." एक म्हणजे एकच. तो स्वतः पाच खेळायचा. मला स्टूलवर उभं करून रस्त्यावर गाड्या चुकवायचा गेम द्यायचा, पेट्रोल संपायचं त्यातला, आणि माझी गाडी तिसऱ्या वळणाला धडकली की "बघ, तुला येत नाही" म्हणून दांडा स्वतःच्या हातात. घरी गेल्यावर आई विचारायची अंगाला सिगारेटचा वास कसा. आज मामा साठीला टेकलाय, परवा त्याच्या नातवाला मोबाइलवरून ओरडत होता. मी काही बोललो नाही. अजून गुपित सांभाळतोय.

पोळीभाजी

सतरा वर्षाचा मामा साठीला टेकला म्हणजे तुम्ही काका आहात की.

खाडीकाठ

हो बाबा. गुडघ्यांनी आधीच सांगितलंय.

निशीकासाईकर

इथे जपानात (आधी टाइपलं होतं ते उडालं, लोकलमध्ये रेंज गेली). टोकियोतल्या अकिहाबारात टायटो या गेम कंपनीचं एक गेम सेंटर आहे, हे नावाचं, म्हणजे नावच 'हे' आहे, त्यात जुने आर्केड गेम अजून ठेवलेत. १०० येनचं नाणं. एका पेटीसमोर बसलो आणि सवयीने आधी मागे वळून बघितलं, कोण बघतंय का. टाय लावलेले लोक, सगळे एकटे, गप्प. आमच्या साताऱ्याच्या पार्लरमध्ये एका पेटीभोवती सात जण आणि त्यातले सहा मास्तर. "खाली बस खाली बस!" "उडी!" "अरे खाणं मला सोड, माझी लाईफ कमी आहे!" मुस्तफात पिंप फोडल्यावर खाणं निघायचं त्यावरून मी सख्ख्या चुलतभावाशी तीन महिने बोललो नव्हतो. ज्याची लाईफ फुल्ल होती त्याने पळवलं. परवा त्याच्या मुलीच्या बारशाला व्हिडिओ कॉल केला तेव्हाही पहिलं वाक्य तेच निघालं.

बाकी तिथे मी दीड मिनिटात मेलो. मागे कुणी ओरडायला नसलं की येत नाही आपल्याला.

बुल्डीवाला

सहा मास्तर 😂 आमच्यात एक भैताड होता, स्वतः कधी एक रुपया नाही टाकला त्यानं, पण "मला दे फक्त बॉस मारून देतो" म्हणून दांडा घ्यायचा आणि बॉससमोर जाऊन मरायचा. दर वेळी. दर वेळी आम्ही द्यायचो पण.

रेवा_नाशिक

@निशीकासाईकर बारशाला काय भेट पाठवलीत जपानहून? (विषयांतर, पण माझ्या भाचीचं आहे पुढच्या महिन्यात)

निशीकासाईकर

मऊ टॉवेलचा सेट. इथले टॉवेल चांगले असतात, इमाबारीचे बघा. आणि पार्सलचं वजन कमी.

झोपमोड

स्नो ब्रोजमध्ये एकाच मजल्यावर जास्त वेळ काढला की तो भोपळ्याच्या डोक्याचा भूत यायचा, त्याला मारताच यायचं नाही. मला सहावीपर्यंत रात्री त्याची भीती वाटायची, आईला सांगता यायचं नाही कारण मग कुठे बघितलंस हा प्रश्न. एवढंच. पोरं उठलीत, जाते.

बीडचा_गडी

आमच्या पार्लरला लाईट गेली की खरी मजा. लोडशेडिंगच्या टायमाला. लाईट जाताना ज्याचा गेम चालू होता त्याला मालकाने क्रेडिट परत द्यायचं की नाही यावरून जी भांडणं व्हायची ती आज कोर्टात चालली असती. मालक म्हणायचा मी काय एमएसईबीचा जावई आहे का. शेवटी तोडगा निघाला, लाईट जायची वेळ खडूने दारावर लिहून ठेवायची आणि आधीच्या दहा मिनिटांत कॉइन टाकला तर स्वतःच्या जबाबदारीवर. आणि ती टायमाला कधीच जायची नाही. आम्ही दहा मिनिटं हात बांधून त्या चालू स्क्रीनसमोर उभे, लाईट काही जात नाही, कुणी रुपया टाकत नाही.. मग एकाने टाकला की गेलीच.

एडीवाल्यांचा पण निषेध करून जातो. टेकन या मारामारीच्या गेममध्ये एडी नावाचा गडी घेऊन नुसते लाथेचे बटण बडवणारे लोक आज ऑफिसात मॅनेजर झालेत.

डोंबिवली_फास्ट

@बीडचा_गडी मी एडी घ्यायचो. मॅनेजर आहे.

पार्लरवाल्याचा_पोरगा

@बीडचा_गडी एडीमुळे लाथेचे बटण दर पंधरा दिवसांनी बदलावे लागायचे आम्हाला. सेकंडहँड प्लेस्टेशन घेतलं होतं शेवटी शेवटी, रिमोटची स्प्रिंग बसायची. मग सायबर कॅफे आले, पोरं तिकडे. पप्पांनी २००४ ला पेट्या सुतारालाच परत विकल्या, त्याने त्यातून कोंबड्यांची खुराडी केली. विमानाचं चित्र बाहेरच्या बाजूला तसंच.

मागावरचा

विमानवाली कोंबडी 😂😂

वडिलांना आज फोन केला होता, म्हटलं त्या दिवशी किती वेळ उभे होता मागे. म्हणाले, "तो गाडी घेऊन माणसं उडवत होतास तिथपासून." म्हणजे तिसरा राऊंड!! म्हणजे कमीत कमी अर्धा तास. मग म्हणाले, तुझा मित्र चुकीचा खेळत होता, सारखा पुढं पळत होता.

बुल्डीवाला

सातवा मास्तर सापडला.

मिरजकर_काका

लायटर दुरुस्त झाला का पण?

मागावरचा

नाही काका. नवीन आणला. तो तुकडा मुलाने दप्तरात टाकला वाटतं, सकाळपासून सापडत नाहीये.