जीभ घसरली, पुढे काय झालं?

मनात एक, ओठांवर भलतंच. किंवा ऐन वेळी नुसतंच त-त-प-प. असे किस्से प्रत्येक घरात असतात आणि लग्नकार्यात चार माणसं जमली की हमखास निघतात. तुमचेही येऊ द्या, स्वतःचे किंवा पाहिलेले. फक्त काय बोललं गेलं एवढ्यावर थांबू नका. ऐकणाऱ्यांनी काय केलं, तेही लिहा.

सुरुवात आमच्या आत्तेभावापासून. लग्नाच्या पंगतीत नाव घ्यायचा आग्रह झाला. 'भाजीत भाजी मेथीची' हा पुरुषांचा हुकमी उखाणा. हा घास हातात धरून म्हणाला, "प्रीतीत प्रीती मेथीची..." आणि गाडी अडली. "मेथी कोण रे?" म्हणत मावश्यांनी भंडावून सोडलं. वहिनीला घरात अजून मेथीच म्हणतात. तिला ते आवडतं असं सगळे धरून चालतात. विचारलेलं कुणीच नाही.

*

आमची आई घाईत असली की "शिकरची कुट्टी झाली का?" विचारते. वरणभाताचा भरणवात होतो, डब्यात भोळीपाजी जाते. या अदलाबदलीला ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचे विल्यम स्पूनर (१८४४–१९३०) यांच्यावरून 'स्पूनरिझम' म्हणतात. त्यांच्या नावावर खपणारी बहुतेक वाक्यं मात्र इतरांनीच रचलेली. यातही एक शिस्त असते बरं का. शब्दाच्या सुरुवातीचं व्यंजन बहुधा दुसऱ्या शब्दाच्या सुरुवातीशीच जागा बदलतं, कारण एक शब्द तोंडातून निघेपर्यंत पुढचा डोक्यात तयार असतो. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे माझं डोकं पुढे धावतं. हेच तर मी तुझ्या बाबांना सांगत असते."

*

आमच्या मंडळाचा निवेदक, माईकवर, पूर्ण आवाजात: "आता अध्यक्षांच्या शुभहस्ते अध्यक्षांचं विसर्जन होईल." अध्यक्ष उठले, हात जोडले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी लवकर येतो."

*

सांत्वनाला गेलं की निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, निमूट उठायचं. काकांना हे पक्कं ठाऊक. 'येतो' गिळलं खरं, पण दारात काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "छान वाटलं, असेच भेटत राहू." काकूंनी डोळे मिटून घेतले. ज्यांचे यजमान गेले होते त्या आजी म्हणाल्या, "भेटा हो, पण कारण वेगळं काढा."

*

सगळं वाचून हसलो. माझं जरा वेगळं आहे. मी लहानपणापासून अडखळत बोलतो. 'प'वर अडकतो, आणि राहायला पिंपरीला! पुण्याहून येताना तिकीट मागायला ओठ मिटले की उघडायचेच नाहीत. मग मी चिंचवडचं तिकीट काढायचो, ते पुढे आहे, आणि पिंपरीला उतरायचो. कित्येक वर्षं जादा पैसे भरले. शब्द टाळण्यात आमच्यासारखे लोक तरबेज असतात; 'पाणी द्या'ऐवजी 'तहान लागलीय' म्हणतो. नावाला मात्र पर्याय नसतो, आणि माझं नावही 'प'चंच. फोनवर 'कोण बोलतंय?' आलं की पलीकडचा कंटाळून ठेवून देतो. आरती मात्र सबंध म्हणतो, कुठेही न अडखळता. त्यामुळे काहींना वाटतं की बाकी सारं नाटक आहे.

हसणाऱ्यांपेक्षा मदत करणाऱ्यांचा त्रास जास्त. "पाषाण? पनवेल?" असं सुचवत राहतात. एक कंडक्टरबाई मात्र माझं अडलं की सुट्टे मोजत बसायच्या, तोंडाकडे न बघता. त्यांच्या बसमध्ये मी पिंपरीचंच तिकीट काढलं.

*

आमच्या लेकाचंही असंच. हजेरीला 'उपस्थित' म्हणता येईना म्हणून 'हजर' चालेल का, असं बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नुसता हात वर केला तरी चालेल. आता अर्धा वर्ग हातच वर करतो.