उलट फोनचे पैसे कोणी द्यायचे?

माजी स्वयंसेविका :
"मदतवाहिनीचे काम वाजणारा फोन उचलणे एवढेच आहे, एकदा बोलून गेलेल्या माणसाला उलट फोन करून त्याची पुन्हा विचारपूस करण्यासाठी निधी मागणे म्हणजे रांगेत ताटकळणाऱ्याचा वेळ चोरणे होय," असे आत्महत्या रोखण्यासाठी चालणाऱ्या आपल्या मदतवाहिनीच्या एका विश्वस्तांनी लिहिले आहे. त्यातला 'चोरणे' हा शब्द मला फार लागला, म्हणून हे सविस्तर उत्तर.

मी सात वर्षे रात्रपाळी केली. पहाटे आलेला फोन पाऊण तासाने संपतो, पलीकडचा माणूस "आता पडतो थोडा वेळ" म्हणतो, मी नोंदवहीत 'संवाद पूर्ण' असे लिहिते आणि त्या क्षणापासून तो कोणाच्याच जबाबदारीत उरत नाही. आपण त्याला डॉक्टरांचा पत्ता दिलेला असतो. पण ज्याला अंथरुणातून उठणे जड झाले आहे, त्यानेच तिथली वेळ ठरवावी आणि ती येईपर्यंत तग धरावा, अशी आपली अपेक्षा असते.

सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो या मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या किंवा सोडून दिलेल्या ८४३ जणांचे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांत २४ छोटी पत्रे गेली, ज्यांत ना उपदेश होता ना कसली मागणी. पहिल्या दोन वर्षांत त्या गटातले आत्महत्येचे प्रमाण स्पष्टपणे कमी राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबो, ब्राझीलमधील काम्पिनास, इराणमधील काराज आणि चीनमधील युनचेंग येथे १,८६७ जणांवर केलेली चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्यांपैकी एका गटाशी तासभर बोलून पुढच्या दीड वर्षात ९ वेळा फोनवर किंवा प्रत्यक्ष भेटून संपर्क ठेवला गेला. त्या गटात आत्महत्येने झालेले मृत्यू ०.२ टक्के होते आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात २.२ टक्के. याला कोणी चोरी कसे म्हणू शकते?

विश्वस्त :
शब्द कठोर होता, तो मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. आपण दिलेली दोन्ही उदाहरणे रुग्णालयात आलेल्या माणसांची आहेत. त्यांचे नाव, पत्ता, केसपेपर सारे हाती होते. आमच्याकडे बोलणारे कितीतरी जण नावसुद्धा सांगत नाहीत. मदतवाहिन्यांच्या पाठपुराव्यावरचा अमेरिकेतील संशोधक मॅडेलिन गुल्ड यांचा २०१८ चा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्यात उलट फोन गेलेल्या ५५० जणांना विचारले गेले आणि या फोनमुळे आपण आत्महत्येपासून काही अंशी तरी थांबलो, असे बहुसंख्यांनी सांगितले, हे खरे आहे; परंतु ज्यांना असा फोन गेलाच नाही, त्यांचा तुलनेसाठी गट त्यात नाही. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथे ७७२ जणांवर झालेल्या चाचणीत एका गटाला वर्षभरात ८ पोस्टकार्डे पाठवली गेली, तरीही पुन्हा प्रयत्न करणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. रात्रपाळीला माझ्याकडे तीन माणसे असतात. एक उलट फोन करत बसला, तर दोनच उरतात. अनुत्तरित फोनांची यादी दर सोमवारी माझ्या टेबलावर येते आणि ती वाचल्यावर मला दिवसभर दुसरे काही सुचत नाही.

माजी स्वयंसेविका :
न्यूकॅसलचे आपण अर्धेच सांगितले. पुन्हा प्रयत्न करणारी माणसे फारशी घटली नाहीत, पण एकूण प्रयत्न जवळजवळ निम्म्यावर आले. शिवाय त्या तिघांतून कोणाला काढा, असे मी म्हटलेच नव्हते. पाठपुराव्याला स्वतंत्र निधी, स्वतंत्र माणसे हवीत, हेच माझे म्हणणे आहे. आज अनुदान उचललेल्या फोनांच्या संख्येवर मिळते. तोच माणूस पाच वेळा हताश होऊन आला, तर आपल्या अहवालात पाच फोन दिसतात. तो सावरला आणि पुन्हा आलाच नाही, तर आपला आकडा घटतो. ही मोजणी मला सात वर्षे सलत आली आहे.

एकदा फोन केलेली :
आपण दोघे आकड्यांवर भांडत आहात आणि फोन कोणाच्या घरात वाजतो, हे कोणीच विचारत नाही. चार वर्षांपूर्वी मी अशाच एका ठिकाणी बोलले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा उलट फोन आला, तेव्हा मी घरात नव्हते. तो माझ्या भावाने उचलला आणि त्याला संस्थेचे नाव सांगण्यात आले. त्यानंतर कित्येक आठवडे मला घरात कोणी एकटे सोडले नाही आणि माझ्याशी कोणी धड बोललेही नाही. मी पुन्हा कुठेही फोन केला नाही.

समुपदेशक :
याला पाठपुरावा म्हणता येणार नाही, हा हलगर्जीपणा झाला. आम्ही आधी विचारतो, वेळ ठरवतो, दुसऱ्या कोणी फोन उचलला तर संस्थेचे नाव घेत नाही आणि तीन प्रयत्नांनंतर थांबतो.

एकदा फोन केलेली :
'हलगर्जीपणा' म्हणून मला बाजूला सारू नका. मलाही विचारले होते आणि मी हो म्हटले होते. आपण विचारता ते बोलणे संपताना. त्या वेळी माणूस रडून रिकामा झालेला असतो आणि पलीकडच्याने एवढा वेळ दिला या ओझ्याखाली कशालाही हो म्हणतो. त्या होकाराला संमती म्हणायचे का?

भाऊ गमावलेला :
माझ्या धाकट्या भावाने मदतवाहिनीला केलेला फोन आम्हाला नंतर त्याच्या मोबाइलमध्ये सापडला. अकरा मिनिटांचे बोलणे होते. त्यानंतर तो नऊ दिवस होता आणि त्या नऊ दिवसांत त्याला कोणाचाही फोन आला नाही. तुमच्या भावाने उचलला तसा तो फोन मी उचलला असता, तर आज माझे घर वेगळे असते. गोपनीयता जपायला आधी माणूस राहावा लागतो, ताई.

एकदा फोन केलेली :
आपले दुःख फार मोठे आहे आणि त्यापुढे मी मान झुकवते. पण ते माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडू नका. माझ्या घरी गेलेल्या त्या फोननंतर मीही जेमतेम राहिले आहे.

भाऊ गमावलेला :
तसे म्हणायचे नव्हते. नऊ दिवसांचा हिशेब मला अजून सोडत नाही, म्हणून बोललो. तरीही तो फोन यायला हवा होता, यावर मी ठाम आहे.

समुपदेशक :
मीही 'हलगर्जीपणा' फार चटकन म्हणालो. खरे सांगायचे तर आमचे उलट फोन दोन वाजत्या फोनांच्या मधल्या सवडीत होतात. बोलणारा वेगळा, फोन करणारा वेगळा, आणि मधली टिपणे दोन ओळींची. अशात चूक होणारच.

विश्वस्त :
हे वाचून एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. सवडीने केलेला पाठपुरावा फुकटात होत नाही, त्याची किंमत या ताईंसारखे कोणीतरी चुकवते. रात्रपाळीच्या पैशाला मी आजही हात लावू देणार नाही. मात्र देणगीदारांपुढे दीड वर्षासाठी वेगळी मागणी ठेवीन : दिवसपाळीची दोन माणसे, त्यांचे प्रशिक्षण, टिपणे सुरक्षित ठेवण्याची सोय आणि पर्यवेक्षकाचा वेळ. आमच्यासारख्या ठिकाणी फोनचा उपयोग होतो की नाही, हे मला अजून पटलेले नाही. दीड वर्षानंतर मी ते विचारणारच. आणि जे नंबर द्यायला तयार नसतात, त्यांचे काय?

माजी स्वयंसेविका :
त्यांना वेळ द्यायची. "गुरुवारी सहा वाजता मीच असेन, तुम्ही करा." त्यासाठी गुरुवारी सहा वाजता तेच माणूस तिथे हवे, म्हणून तर पगारी जागा मागते आहे.

विश्वस्त :
मान्य. संमतीचा प्रश्न मात्र आमच्यापैकी कोणी लिहू नये, असे वाटते. ताई, आपण लिहून द्याल का?

एकदा फोन केलेली :
शेवटी विचारू नका. बोलण्याच्या मध्यात, आवाज जरा सावरलेला असेल तेव्हा विचारा. "आम्ही परवा फोन करावा असे तुम्हाला वाटते का? नको असेल तरी तुम्ही आम्हाला केव्हाही फोन करू शकता. हवा असेल तर कोणत्या वेळी करू, आणि दुसऱ्या कोणी उचलला तर आम्ही कोण आहोत असे सांगू?"

हा शेवटचा प्रश्न मला कोणी विचारला असता, तर मी म्हटले असते, ग्रंथालयातून बोलतोय म्हणा, पुस्तक परत करायचे राहिले आहे.