आयसीयूत राहायचं असेल तर एनपीसाठी एफएनपी की अक्यूट केअर? (टेक्सास)

नाशिककर_आरएन:
नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बी.एस्सी. नर्सिंग झाली आहे, सध्या ह्यूस्टनला आयसीयूत आरएन (नोंदणीकृत नर्स) आहे. एनपी (नर्स प्रॅक्टिशनर, तपासून औषधं लिहू शकणारी नर्स) व्हायचंय. जो तो सांगतो एफएनपी (फॅमिली एनपी) कर, नोकऱ्या जास्त. मला आयसीयू सोडायचं नाही. नोकरी सांभाळून ऑनलाइन करायचं तर काय तपासावं? डीएनपी (नर्सिंगमधली डॉक्टरेट) लागतेच का?

रात्रपाळी:
मग एफएनपी नकोच. ते शिक्षण क्लिनिकमधल्या सर्व वयांच्या पेशंटसाठी असतं: बीपी, शुगर, लसीकरण, मुलांचा ताप. व्हेंटिलेटर आणि प्रेसरवरचा (बीपी टिकवणारी औषधं) पेशंट हाताळण्यासाठी ते बेतलेलंच नाही. टेक्सासचं नर्सिंग बोर्ड तुमची कार्यकक्षा एनपीच्या शिक्षणावरून ठरवतं. आरएन म्हणून आयसीयूत काढलेली वर्षं तिथे मोजली जात नाहीत. काही हॉस्पिटलं एफएनपींना आयसीयूत घेतात, पण चौकशी झाली तर लायसन्स तुमचं धोक्यात येतं.

तुमच्यासाठी अ‍ॅडल्ट-जेरॉन्टॉलॉजी अक्यूट केअर (प्रौढ आणि वृद्ध गंभीर पेशंट). परीक्षा एएनसीसी किंवा एएसीएन या सर्टिफिकेशन संस्थांची. यात लहान मुलं येत नाहीत, पीआयसीयूसाठी (मुलांचं आयसीयू) पीडियाट्रिक अक्यूट केअर वेगळं. पुढे क्लिनिककडे वळावंसं वाटलं तर दुसरी मास्टर्स लागत नाही, पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेट पुरतं. क्लिनिकलचे (पेशंटसोबतच्या प्रशिक्षणाचे) तास मात्र नव्याने करावे लागतात.

प्रिसेप्टर_ताई:
कॉलेजचं नाव आणि फी नंतर बघा. आधी त्या एनपी प्रोग्रामला सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएन-सीएनईए या नर्सिंग शिक्षण तपासणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता आहे का ते पाहा. ती नसेल तर सर्टिफिकेशनच्या परीक्षेलाच बसता येत नाही.

दुसरं, प्रिसेप्टर (क्लिनिकलमध्ये हाताखाली घेऊन शिकवणारे) कोण शोधणार? हे लेखी घ्या. "आम्ही मदत करतो" याचा अर्थ बहुतेक वेळा यादी हातात देतात आणि फोन तुम्ही फिरवायचे. कॉलेज आणि हॉस्पिटलमधला करार व्हायला कधी कधी महिने लागतात. तो अडकला की सेमिस्टर वाया जातं आणि पदवी लांबते. म्हणून प्रवेशाआधीच विचारा: ह्यूस्टनमधल्या कुठल्या हॉस्पिटलांशी करार आहे, आणि गेल्या वर्षी किती जणांचं क्लिनिकल प्रिसेप्टरअभावी पुढे गेलं? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं कॉलेज बघा.

तिसरं, तास. २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनुसार प्रत्यक्ष पेशंटसोबतचे किमान ७५० तास हवेत, सिम्युलेशन त्यात धरत नाहीत. १५ आठवड्यांची तीन सेमिस्टर धरली तर आठवड्याला जवळपास १७ तास, तेही बिनपगारी. बारा-बारा तासांच्या तीन शिफ्ट करून हे रेटणं फार कठीण आहे. त्या काळात पार्ट-टाइम मिळेल का, हे मॅनेजरला आत्ताच विचारा.

रात्रपाळी:
डीएनपी लागत नाही, एमएसएनवर (नर्सिंगमधली मास्टर्स) परीक्षा आणि लायसन्स दोन्ही मिळतात. गोंधळ होतो तो सीआरएनएमुळे. भूल देणाऱ्या नर्ससाठी २०२२ पासूनचे नवे प्रवेश डॉक्टरेटचेच आहेत.

नाशिकच्या गुणपत्रिकांचा मूल्यांकन अहवाल (परदेशी पदवीची अमेरिकेतल्या पदवीशी तुलना) कोर्स-बाय-कोर्सच मागवा, साध्या अहवालात सहसा जीपीए (सरासरी ग्रेड) नसतो. अर्ज आजच करा, कागद विद्यापीठाकडून यायला वेळ लागतो. टेक्सासमध्ये औषधं लिहायला डॉक्टरांसोबत लेखी करार लागतो, हेही धरून चला.

नाशिककर_आरएन:
माझ्याच युनिटमधले इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचे डॉक्टर) प्रिसेप्टर चालतील का?

प्रिसेप्टर_ताई:
कॉलेजागणिक नियम वेगळे. काही ठिकाणी स्वतःचं युनिट चालतच नाही. चाललं तरी पगाराच्या शिफ्टमधले तास धरत नाहीत. त्या दिवशी तुम्ही विद्यार्थी म्हणूनच हजर हवं, आरएनची असाइनमेंट घ्यायची नाही. क्लिनिकल समन्वयकाकडून ईमेलवर होकार घ्या, मगच डॉक्टरांना विचारा.