मीर हुसेन मूसवी: वास्तुरचनाकार परराष्ट्रमंत्री कसा झाला?

आडवाट
नमस्कार. मीर हुसेन मूसवी हे नाव मला आजवर केवळ २००९च्या इराणी निवडणुकीमुळे आणि त्यानंतरच्या हिरव्या चळवळीमुळे (निकालाविरुद्धच्या आंदोलनामुळे) ठाऊक होते. ते शिक्षणाने वास्तुरचनाकार आहेत आणि १९८१ मध्ये काही काळ इराणचे परराष्ट्रमंत्रीही होते, हे नुकतेच वाचनात आले. मुत्सद्देगिरीचा काहीही अनुभव नसलेल्या माणसाकडे, तेही ऐन युद्धकाळात, हे खाते कसे गेले? आणि ते इतक्या लवकर का सुटले? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी वही
आधी एक दुरुस्ती सुचवतो. मूसवींना हे खाते अनुभवामुळे मिळाले नाही हे खरे, पण त्या काळी तेहरानमध्ये अनुभवी म्हणावेत असे लोक उरले होतेच किती? शहाच्या राजवटीतले अधिकारी गेले होते, आणि १९७९च्या इस्लामी क्रांतीनंतरच्या पहिल्या फळीतले उदारमतवादी एकेक करून बाजूला सारले जात होते. १९८० मध्ये पंतप्रधान रजाई यांनी परराष्ट्र खात्यासाठी मूसवींचेच नाव सुचवले होते, परंतु राष्ट्राध्यक्ष बनीसद्र यांनी त्याला मान्यता दिली नाही. या ओढाताणीत, अमेरिकी ओलिसांचा प्रश्न पेटलेला आणि इराकशी युद्ध सुरू झालेले असतानाही, त्या खात्याला पूर्ण वेळचा मंत्री मिळाला नाही.

मूसवींची खरी ओळख तोवर संपादकाची होती. ‘जुम्हुरी-ए इस्लामी’ हे इस्लामिक रिपब्लिकन पक्षाचे मुखपत्र ते चालवत असत, आणि पक्षात त्यांचा शब्द वजनदार होता तो त्यामुळे. जून १९८१ मध्ये बनीसद्र पदच्युत झाले, रजाई राष्ट्राध्यक्ष झाले आणि ऑगस्टमध्ये नवे पंतप्रधान बाहुनर यांच्या मंत्रिमंडळात मूसवी परराष्ट्रमंत्री झाले. महिना संपण्यापूर्वीच, ३० ऑगस्टला, बाँबस्फोटात रजाई आणि बाहुनर दोघेही मारले गेले. ऑक्टोबरमध्ये अली खामेनेई राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी पंतप्रधानपदासाठी अली अकबर वेलायती यांचे नाव पुढे केले, ते मजलिसने (इराणच्या संसदेने) फेटाळले, आणि तडजोड म्हणून मूसवी पंतप्रधान झाले. परराष्ट्र खाते डिसेंबरमध्ये त्याच वेलायतींकडे गेले. म्हणजे वास्तुरचनाकाराच्या जागी बालरोगतज्ज्ञ आला, आणि तो तिथे १९९७ पर्यंत टिकला! मूसवींच्या वाट्याला हे खाते जेमतेम चार महिने आले. त्यात स्वतःचे असे धोरण उभे राहणे शक्यच नव्हते.

योगायोग असा की मूसवींचा जन्म पूर्व अझरबैजानातल्या खामेने गावचा, आणि खामेनेई हे आडनावही त्याच गावावरून आलेले. आठ वर्षे एकमेकांशी न पटलेल्या या दोघांचे मूळ एकच.

कोनाडा
मी स्वतः आर्किटेक्ट असल्याने दुसऱ्या बाजूने लिहिते. मूसवी हे पदवीपुरते वास्तुरचनाकार नव्हते. तेहरानच्या राष्ट्रीय विद्यापीठातून (आजचे शहीद बहिश्ती विद्यापीठ) १९६९ मध्ये त्यांनी पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले, आणि क्रांतीपूर्वी ते हुसेन रहजू या टोपणनावाने चित्रे काढत असत. जून १९८१ मध्ये इस्लामिक रिपब्लिकन पक्षाच्या मुख्यालयातील स्फोटात पक्षाचे नेते आयातुल्ला बहिश्ती यांच्यासह सत्तराहून अधिक लोक ठार झाले. बहिश्त-ए जहरा दफनभूमीतील त्यांच्या स्मारकाचा आराखडा मूसवींचाच आहे. ज्या सहकाऱ्यांच्या मृत्यूनंतर आपल्याला सत्ता मिळाली, त्यांचीच कबर आखण्याची वेळ किती मंत्र्यांवर आली असेल?

१९८९ मध्ये घटनादुरुस्तीने पंतप्रधानपदच रद्द झाले, तेव्हा हा माणूस मुकाट्याने आपल्या कामाकडे परतला. पुढे ते इराणच्या कला अकादमीचे अध्यक्ष झाले आणि २००९च्या अखेरीस तिथूनही काढले गेले. १९९७ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहण्याचा आग्रह झाला होता, तो त्यांनी नाकारला. पत्नी जहरा रहनवर्द याही शिल्पकार आणि विदुषी. त्या तेहरानच्या अल-जहरा विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. अशा घरातला माणूस वीस वर्षे राजकारणापासून दूर राहू शकतो, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

आडवाट
दोघांचेही आभार. मग त्यांच्या कारकिर्दीत परराष्ट्र व्यवहाराला काहीच महत्त्व नाही, असे समजायचे का?

जुनी वही
नाही. त्याचे उत्तर १९८८ मध्ये सापडते. तोवर मूसवींची सात वर्षे मुख्यतः युद्धकाळातील अर्थव्यवस्था सांभाळण्यात गेली होती: कूपनवर मिळणारे तांदूळ, साखर, तेल, आयातीवरील सरकारी नियंत्रण, आणि १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळल्यावर रिकामी झालेली तिजोरी. बाजारातील व्यापारी त्यांच्यावर नाराज होते. गरीब घरांतून मात्र आजही त्या रेशनची आठवण बऱ्याच आपुलकीने काढली जाते. युद्ध थांबल्यावर, सप्टेंबर १९८८ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. खामेनेईंना लिहिलेल्या पत्रात त्यांची एक मोठी तक्रार अशी होती की परराष्ट्र व्यवहार सरकारच्या हातात राहिलेलाच नाही आणि देशाबाहेरच्या कारवाया सरकारला न सांगता होतात. क्रांतीचे नेते आणि देशाचे सर्वोच्च नेते खोमेनी यांनी राजीनामा स्वीकारला नाही. एकेकाळी ते खाते सांभाळलेल्या पंतप्रधानाने हे लिहावे, यातच त्या खात्याची खरी किंमत कळते. माझ्या मते मूसवींच्या परराष्ट्र कारकिर्दीचा सर्वांत महत्त्वाचा कागद हाच आहे, ते चार महिने नव्हेत.

पाणवठा
वरील चर्चा चांगली आहे, पण एक गोष्ट सुटू नये. त्याच १९८८च्या उन्हाळ्यात इराणच्या तुरुंगांत हजारो राजकीय कैद्यांना फाशी देण्यात आली आणि तेव्हा पंतप्रधान मूसवीच होते. सरकारला त्यात हात नव्हता, तो निर्णय खोमेनी आणि त्यांनी नेमलेल्या समित्यांचा होता, असे त्यांचे समर्थक म्हणतात. मृतांच्या नातेवाइकांना हे उत्तर पुरेसे वाटलेले नाही, आणि मलाही वाटत नाही. जो पंतप्रधान परदेशातल्या कारवायांबद्दल राजीनामा लिहू शकतो, त्याने तुरुंगांबद्दलही तेव्हाच उघड बोलायला हवे होते, अशी अपेक्षा अवास्तव नाही.

तरीही हाच माणूस २००९ मध्ये निकाल मान्य न करता रस्त्यावर उतरला, त्यात त्याचा भाचा मारला गेला, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये पती-पत्नी दोघांना कोणताही खटला न चालवता तेहरानमधील त्यांच्या घरातच नजरकैदेत टाकण्यात आले. तिथूनच फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी निवेदन काढून नव्या राज्यघटनेसाठी सार्वमताची मागणी केली, म्हणजे ज्या व्यवस्थेचे ते आठ वर्षे पंतप्रधान होते, तीच त्यांनी नाकारली.

कोनाडा
पाणवठा यांचा मुद्दा मान्य आहे. स्मारकाबद्दल लिहिताना माझ्या मनात बहिश्ती आणि त्यांचे सहकारी होते. १९८८च्या कैद्यांपैकी अनेकांना तेहरानच्या खावरान दफनभूमीत नावाविना पुरले गेले, आणि तिथे कोणताही आराखडा कोणी काढलेला नाही.